सिंकखालचं कपाट बदलायचंय? आधी फरशी कोणती आहे ते बघा

आपल्या इंदुरात सफाईच्या गप्पांना कारण लागत नाही, २०१७ ला देशाच्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला आणि तेव्हापासून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खाणारा माणूसही कागदाची प्लेट हातात धरून डस्टबिन शोधत फिरतो. पण घरात शिरून सिंकखालचं कपाट उघडा. दोन वर्षांपूर्वी मी माझ्याकडच्या मोजल्या तर अकरा बाटल्या निघाल्या, काचेची वेगळी, टाइल्सची वेगळी, संडासाची वेगळी, ओट्याची वेगळी, फिनाइल दोन प्रकारचं, एक पांढरं एक काळं, आणि एक अ‍ॅसिडची बाटली जिच्यावरचं लेबल कधीच गळून गेलेलं. आता त्यातल्या तीन उरल्यात. का उरल्या तेही सांगते, कारण "केमिकल फेका आणि लिंबू पिळा" असं सांगणाऱ्यांतली मी नाही, त्या नादात मी माझ्या हॉलची फरशी घालवून बसलेय.

ते आधी सांगून टाकते म्हणजे तुमची तरी वाचेल. आमचं घर सुदामा नगरकडचं, जुनं, खाली सगळा कोटा. कुठेतरी वाचलं की पोछ्याच्या पाण्यात व्हिनेगर घाला, फरशी चकाचक होते, तर मी रोज अर्धा कप ओतायला लागले, उत्साह असा की बाईंनी कमी घातलं तर मी वरून घालायची. पंधरा-वीस दिवसांत झोपाळ्याखालची चमक गेली आणि पांढुरके डाग उठले. पॉलिशवाल्या मिस्त्रीला बोलावलं तर त्याने नुसतं बोट फिरवलं आणि विचारलं, "दीदी, इसमें तेज़ाब डाला था क्या?" मी म्हटलं नाही हो, नॅचरल घातलं होतं! तो हसला. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड आणि नळावर जमते ती पांढरी पपडी म्हणजेही चुनाच, व्हिनेगरला काय कळतंय की यातला कुठला काढायचाय आणि कुठला ठेवायचाय. संगमरवराचंही तेच.

तेव्हापासून माझा नियम झालाय की आधी घाण कुठली आणि ती कशावर बसलीय ते बघायचं, बाटलीवर पान छापलंय का फूल हे नंतर.

पहिली पायरी: घाण ओळखा

घरातली घाण मोजून चार प्रकारची. एक ओशट, म्हणजे तेल-तूप, फोडणीचा चिकटा, एक्झॉस्टवरचं मेणचट. दुसरी खाराची, म्हणजे नळ, शॉवर, बादली, गीझर यांवरची पांढरी पपडी, संडासातला पिवळा थरही यातच आला. तिसरी साधी धूळमाती. चौथी दिसत नाही ती, जंतू.

ओशटाला सोडा किंवा साबण लागतो. खाराला आंबट लागतं. धुळीला नुसतं पाणी आणि ओलं फडकं पुरतं, तिथे काहीही ओतायची गरज नसते, आणि खरं सांगू, घरातली निम्मी सफाई याच प्रकारातली असते आणि आपण निम्म्या बाटल्या इथेच संपवतो. जंतूंचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी.

आता यात पाणी कुठलं येतं ते पण बघा. नर्मदेचं पाणी आपल्याकडे १९७८ पासून जलूदहून येतंय, सत्तरेक किलोमीटरवरून चढवून आणतात, पण ते येणार एक दिवसाआड, मग बाकी वेळ बोरिंग. बोरिंगचं पाणी जड. जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि राखाडी साय धरते, बादलीच्या कडेला चिकटते ती तीच. म्हणून पुण्यातल्या मावशीने सांगितलेली साबणाची कृती तुमच्याकडे फसली तर तुमचं काही चुकलेलं नसतं, पाणी चुकलेलं असतं. पुसण्या-धुण्याचं घरचं मिश्रण करायला शक्यतो नर्मदेचं भरून ठेवलेलं पाणी घ्या.

दुसरी पायरी: आहे ते संपवा, एकदम फेकू नका

उत्साहात सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या करणारे लोक मी बघितलेत. हे सगळ्यात वाईट. एक तर ते सगळं शेवटी कान्ह नदीकडेच जाणार, आणि दुसरं म्हणजे एकामागोमाग ओतताना दोन भलत्या गोष्टी मोरीत एकत्र आल्या तर तिथेच घुसमटायला होईल. ब्लीच आणि संडासाचं अ‍ॅसिडवालं क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आणि हे लक्षात ठेवा, ब्लीच आणि व्हिनेगर, ब्लीच आणि लिंबूसत, यातूनही तोच सुटतो, व्हिनेगर "नैसर्गिक" आहे म्हणून ब्लीच त्याच्याशी गोडीने वागत नाही. ब्लीच आणि अमोनियावालं काचेचं क्लीनरही एकत्र आणायचं नाही. माझ्या घरी आता एकच नियम फ्रिजवर लिहिलाय, ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काही नाही.

ज्या बाटल्या चांगल्या आहेत त्या वापरून संपवा. लेबल गेलेली, जुनी अ‍ॅसिडची वगैरे, ती कचरागाडीत घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो त्यात द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका, आणि गाडीवाल्याला सांगून द्या की आत अ‍ॅसिड आहे, त्याचेही हातच आहेत.

तिसरी पायरी: खरेदी, एकाच फेरीत

सियागंजच्या बाजारात एक चक्कर मारली की सगळं होतं, मॉलमधल्या "ग्रीन" रॅकवर जायची गरज नाही. मी आणते ते इतकंच: खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत, पांढरं व्हिनेगर आणि रिठे. लिंबूसत तिथे "नींबू के फूल" किंवा "टाटरी" म्हणून मागा, काही दुकानदार या नावाखाली थोडं वेगळं आंबट देतात पण आपल्या कामाला दोन्ही चालतात. रिठे आख्खे घ्या, पावडरीत काय मिसळलंय कळत नाही.

दोन्ही सोडे वेगवेगळ्या डब्यांत आणि मोठ्या अक्षरात नाव लिहून ठेवा. खाण्याचा सोडा सौम्य, हाताला लागला तर काही होत नाही. धुण्याचा सोडा चांगलाच तिखट, हात कोरडे पडतात, तो पोरांच्या हाती लागायला नको आणि चुकून ढोकळ्यात तर मुळीच नको. ग्लव्हज घ्या, दहा हजाराचा मिक्सर घेतो आपण आणि ग्लव्हजला कंजूसी करतो.

आता तयार "नॅचरल" बाटल्यांबद्दल. "केमिकल-फ्री" लिहिलेलं दिसलं की मी ती बाटली खाली ठेवते, पाणीसुद्धा केमिकलच आहे हो. आणि "नारळापासून बनवलेलं" म्हणजे सौम्य असंही नाही, शाम्पू आणि भांड्याच्या लिक्विडमधला तो नेहमीचा फेसवाला माल, सोडियम लॉरिल सल्फेट, तोही खोबरेल किंवा पामतेलापासून बनवता येतो. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या हिरव्या दाव्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, नुसतं "नॅचरल", "इको-फ्रेंडली" लिहून चालणार नाही, कशाच्या आधारावर ते दाखवावं लागेल. तर मागची बाजू वाचा, तिथे घटकांची यादीच नसेल तर पुढच्या बाजूच्या पानाफुलांचा काही उपयोग नाही. इकोमार्क म्हणून सरकारी खूण १९९१ पासून आहे, मातीच्या मडक्याचं चित्र असतं, पण दुकानात ती शोधून शोधून डोळे दुखतील.

चौथी पायरी: एका वेळी एक जागा

पहिल्या आठवड्यात फक्त नळ घ्या. का, तर तिथे फरक ताबडतोब दिसतो आणि घरच्यांची तोंडं बंद होतात. एक ग्लास कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत विरघळवा, जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने काढून जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. शॉवरचं तोंड असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून रबरबँडने बांधून ठेवा. रात्रभर मात्र ठेवू नका, नळाच्या चकाकीचा मुलामा उडतो, आणि नळाखाली कोट्याचा कट्टा असेल तर थेंब पडू देऊ नका, माझं ऐका. चहाची इलेक्ट्रिक किटली असेल तर तीच गोष्ट, लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे, उकळी, पंधरा मिनिटं थांबा, ओता, मग साध्या पाण्याच्या एक-दोन उकळ्या काढून टाका नाहीतर सकाळचा पहिला चहा नासणार.

दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघर. दूध करपलेलं स्टीलचं पातेलं, त्यात दोन बोटं पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, गार झालं की लाकडी चमच्याने खरवडा, थर सोलून निघतो. शेव तळलेल्या लोखंडी कढईला आणि ओट्यामागच्या टाइल्सना सोड्याची पेस्ट, थोडं पाणी घालून दाटसर, लावून वीस मिनिटं सोडून द्यायची. एक्झॉस्टची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवायची, इथे खाण्याचा सोडा पुरत नाही. पण अ‍ॅल्युमिनियम असेल, म्हणजे जुने कुकर, जर्मनची पातेली, काही एक्झॉस्टची पातीसुद्धा, तिथे धुण्याचा सोडा नको, काळंकुट्ट पडतं. माझ्या सासूबाईंचा कुकर काळा पडला तो त्यांनी काहीही न बोलता धुऊन परत रॅकवर ठेवला, ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आणि इथे एक गैरसमज मोडतेच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून जो फसफसाट होतो ना, व्हिडिओत बघून सगळे खूश होतात, त्यात सफाई फार कमी आहे. एक आंबट, एक खारं, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ खारट पाणी. ईनोचा ग्लास दहा मिनिटं ठेवून बघा, तसंच. आधी सोड्याने घासायचं, धुऊन टाकायचं, मग जिथे पपडी आहे तिथे व्हिनेगर, असं वेगवेगळं वापरलं तर दोघंही कामाचे. तुंबलेल्या मोरीला तर हा फेस काही करत नाही, केसांचा गोळा तारेने ओढूनच काढावा लागतो. मोरीवर जाळी बसवा आणि तळणीचं तेल ओतणं बंद करा, झालं. गरम पाणी ओतताना खळखळतं नको, हल्ली पाइप पीव्हीसीचे असतात, नरम पडतात.

पितळ-तांब्याला काय लावायचं ते मी मराठी माणसाला काय सांगणार. चिंच आणि मीठ. फक्त लगेच धुऊन कोरडं पुसा, आंबटाचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशी हिरवं दिसायला लागतं. आणि नवीन शोपीस टाइप समयांवर पारदर्शक लेप असतो, त्याला चिंच लावू नका. काचेला पाण्यात थोडं व्हिनेगर आणि जुना सुती पंचा.

फरशी? कोट्याला आणि संगमरवराला साधं पाणी, फार तर बादलीत भांड्याच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब. झालं. वास हवा असेल तर खिडकी उघडा. व्हिट्रिफाइड टाइल्सना थोडं आंबट चालतं, टाइल्समधल्या सांध्यांवर, म्हणजे ग्राउटवर, मात्र रोज नको.

रिठ्याचं स्वतंत्र सांगते

कारण लोक यातच सगळ्यात जास्त निराश होतात. शंभर ग्रॅम रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळा. तपकिरी पाणी येतं, हलवलं तर फेस होतो, रिठ्यात सॅपोनिन असतं त्याचा हा गुण. हे पाणी बाहेर ठेवलंत तर दोन-तीन दिवसांत आंबून घाण वास मारतं, फ्रिजमध्ये आठवडाभर पुरतं, म्हणून मोठा टोप भरून करू नका. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

चांगलं कशाला? माहेश्वरी साडी, लोकरी स्वेटर, सोन्या-चांदीचे दागिने, याला याच्याइतकं सौम्य दुसरं नाही. चाळीस पोळ्यांच्या घरातली तेलकट भांडी? नाही. प्रयत्न करा हवं तर, मी सहा महिने केला. पांढऱ्या शर्टांना पिवळट झाक येते तेही सांगून ठेवते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई रिठ्याच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "दीदी, झाग ही नहीं बन रहा, साफ कैसे होगा?" मी त्यांना फेसाचं आणि सफाईचं शास्त्र समजवायला गेले, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून स्वतःची साबणवडी आणली. नंतर मला कळलं की त्यांचा वेळ दुप्पट लागत होता, चार घरं असतात त्यांना. तर घरात दुसरं कोणी घासत असेल तर बदल त्यांना विचारून करा. आम्ही मग मधला मार्ग काढला, भांड्यांना साधं लिक्विड, करपलेल्याला सोडा, आणि काळं फिनाइल कायमचं बंद, ते त्यांनीच सुचवलं, वासाने डोकं दुखायचं म्हणाल्या. इतकी वर्षं दुखत होतं आणि मी विचारलंच नव्हतं.

बायो-एंझाइम, करायचंच असेल तर

म्हणजे फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं सफाईचं पाणी. गूळ एक भाग, फळांच्या साली तीन भाग, पाणी दहा भाग. म्हणजे शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साली, एक लिटर पाणी. हिवाळ्यात आगरकडची संत्री स्वस्त येतात तेव्हा करा, वास चांगला येतो. बाटली प्लास्टिकचीच, काचेची नको, वर चांगली चार-पाच बोटं जागा सोडा आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू काढा. मी एका लग्नाच्या गडबडीत चार दिवस विसरले आणि रात्री गॅलरीत असा आवाज झाला की शेजारचे काका टॉर्च घेऊन आले, झाकण गच्चीच्या पत्र्याला लागलं होतं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर संत्र्याच्या साली. नव्वद दिवसांनी गाळायचं. वर पांढरी साय आली तर चालते, काळी बुरशी आली तर टाकून द्या. हे आंबट असतं, म्हणून पुन्हा तेच, कोट्यावर नाही. सिंक, बेसिन, टाइल्स, संडास यांना पाण्यात पातळ करून ठीक आहे. याने सगळे जंतू मरतात, नद्या शुद्ध होतात वगैरे जे ऐकता ते सोडून द्या.

ज्या तीन बाटल्या मी ठेवल्या

भांड्यांचं लिक्विड, संडासाचं क्लीनर आणि ब्लीच.

संडासाला एरवी मी रात्री तीन-चार चमचे लिंबूसत टाकून सकाळी ब्रशने घासते, पुरतं. पण भाड्याचं घर घेतलंत आणि आधीच्यांनी दहा वर्षांचा थर ठेवलाय तर एकदा अ‍ॅसिडवालं क्लीनर लागणारच, खिडकी उघडी ठेवून, एकटंच, बाकी काही न मिसळता. नंतर लिंबूसताने राखा.

ब्लीच जंतूंसाठी. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, पावसाळ्यात आपल्याकडे होतंच, तर तिथे व्हिनेगर, कडुनिंब, कापूर यांच्या भरवशावर राहू नका. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर एक लिटर गार पाण्यात २० मिली, आधी घाण पुसून साबणाने धुवा, मग हे लावा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. त्या दिवसाचं त्या दिवशी करा, उरलेलं ठेवू नका. गाद्या-उशांना मात्र मे महिन्यातलं माळव्याचं ऊन द्या, चादरी गरम पाण्यात.

तान्ही बाळं, मांजरं

डांबराच्या गोळ्या कपाटातून काढा, म्हणजे नॅफ्थलीन. काही मुलांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एंझाइमची कमी असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी याने फुटतात, आणि बाळाला ते आहे की नाही हे आपल्याला सहसा माहीत नसतं. पण त्याजागी कापूर ठेवताना तोही पोराच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, कापूर देवघरातला असला तरी पोटात गेला तर फिट येऊ शकते. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, दर काही महिन्यांनी बदला. घरात मांजर असेल तर टी-ट्री आणि संत्र्या-लिंबाच्या तेलाचे थेंब पोछ्यात नकोत, मांजरांना ती बाधतात.

आणि रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून राजवाड्याहून पोरं घरी आली की बाथरूमच्या फरशीवर जे होतं त्याला काय लावायचं, हे मला दरवर्षी विचारतात. टाइल्स असतील तर सोड्याची पेस्ट लावून ठेवा. कोटा असेल तर पोरांना अंगणातच उभं करा, पाइप लावा आणि आत घेऊ नका.